मध्यवर्ती चौकाचा पुनर्विकास आणि लोकांचे म्हणणे

चारी अंगांनी रस्ते, कडेने दुकाने आणि कचेऱ्या, आणि मधोमध बांधकाम न केलेली जागा असा सार्वजनिक चौक जगातल्या अनेक जुन्या शहरांच्या मध्यभागी आढळतो. मराठीत ‘चौक’ हा शब्द रस्ते एकमेकांना छेदतात त्या ठिकाणालाही आहे आणि वाड्याच्या आतल्या उघड्या अंगणालाही. इथे ज्या चौकाचा विचार करायचा आहे त्याला दोन्ही अर्थ लागू पडतात. तिथून सगळे शहर ये-जा करते आणि तिथे निवांत बसताही आले पाहिजे. चौकाविषयीचे बहुतेक वाद या दोन अपेक्षांच्या ओढाताणीतून उभे राहतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या शहरांनी आपले मध्यभाग, म्हणजे तिथल्या बोलीतले डाउनटाउन, मोठ्या प्रमाणावर पाडले, नव्याने बांधले आणि पुढे त्या नव्यातलेही बरेच बदलले. त्यामुळे चौकाच्या पुनर्विकासात लोकांचा शब्द किती चालावा ही चर्चा तिथे फार काळ आणि फार तपशिलात झाली आहे. लोकांना विचारावे की नाही, हा प्रश्न तिथे आता राहिलेला नाही. कोणत्या टप्प्यावर विचारायचे, कोणाला, कोणत्या रीतीने, आणि मिळालेले उत्तर कितपत बंधनकारक मानायचे, यावर मात्र एकमत झालेले नाही.

कुंपण आणि बुलडोझर

हा वाद वाटतो त्याहून जुना आहे. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहराची आखणी १७९६ मध्ये झाली, तेव्हा मोजणीदारांनी न्यू इंग्लंडमधल्या गावांच्या रिवाजाप्रमाणे मध्यावर सुमारे १० एकर जागा मोकळी ठेवली. दोन हमरस्ते तिच्यातून आरपार जात आणि तिचे चार तुकडे करत. ही जागा एकसंध बाग व्हावी म्हणून १८५७ मध्ये तिच्याभोवती कुंपण घालण्यात आले आणि रस्ते बंद झाले. वळसा घालून जावे लागणाऱ्यांचा रोष वाढत गेला, प्रकरण न्यायालयात गेले आणि १८६७ मध्ये कुंपण काढावे लागले. दहा वर्षांच्या या भांडणात बाग मागणारेही शहराचे नागरिक होते आणि रस्ता मागणारेही. ‘लोकांचे म्हणणे’ एकवचनात बोलण्याची सवय किती फसवी आहे हे तिथे पहिल्यांदा दिसले. याच चौकात दीडशे वर्षांनी तोच वाद पुन्हा उभा राहिला. त्याची हकिकत पुढे येईल.

विसाव्या शतकातली निर्णायक घटना म्हणजे १९४९ चा गृहनिर्माण कायदा. ‘जीर्ण’ ठरवलेल्या वस्त्या संपादन करून पाडायच्या, जमीन मोकळी करून विकासकाला द्यायची आणि या व्यवहारातल्या तुटीचा दोन तृतीयांश भाग केंद्र सरकारने सोसायचा, अशी ही व्यवस्था होती. बोस्टनची वेस्ट एंड ही वस्ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस पाडली गेली आणि हजारो माणसे विस्थापित झाली. हर्बर्ट गान्स या समाजशास्त्रज्ञाने तिथे राहून केलेला अभ्यास १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वस्तीला अधिकारी झोपडपट्टी म्हणत होते तिथे घट्ट विणलेले सामाजिक जीवन होते, हे त्याने दाखवून दिले. जवळच्याच स्कॉले स्क्वेअर या गजबजलेल्या, थोड्या बदनाम चौकाच्या जागी नवे नगरभवन आणि त्यासमोर विटांचे विस्तीर्ण पटांगण आले. नगरभवन १९६८ मध्ये पूर्ण झाले. ते पटांगण कित्येक दशके उन्हात तापत आणि वाऱ्यात गारठत ओकेबोके राहिले. मोठे नूतनीकरण होऊन ते पुन्हा खुले व्हायला २०२२ साल उजाडले. लोकांना न विचारता केलेल्या रचनेची किंमत किती वर्षे मोजावी लागते याचा हा नमुना म्हणून वारंवार सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे.

न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअरमध्ये याच सुमारास उलटे घडले. रॉबर्ट मोझेस या बलाढ्य अधिकाऱ्याला तिथल्या बागेतून मोठा रस्ता काढायचा होता. शर्ली हेज आणि तिच्याबरोबरच्या रहिवासी स्त्रियांनी अनेक वर्षे तो प्रस्ताव अडवून धरला. पुढे जेन जेकब्जही त्या लढ्यात उतरल्या. १९५८ मध्ये प्रायोगिक म्हणून चौक मोटारींना बंद झाला आणि तो निर्णय टिकला. जेकब्ज यांचे अमेरिकन शहरांवरचे पुस्तक १९६१ मध्ये आले. त्यातला सूर या अनुभवातून आलेला आहे: रस्त्यावर रोज वावरणाऱ्याला शहराबद्दल जे कळते ते नकाशावर दिसत नाही.

कायद्यात शब्द आला, अर्थ नाही

नागरिकांच्या सहभागाची अट गृहनिर्माण कायद्याच्या १९५४ च्या दुरुस्तीतच आली होती. पण व्यवहारात तिचा अर्थ प्रतिष्ठित मंडळींची एक सल्लागार समिती एवढाच होई. १९६४ च्या गरिबीविरोधी कायद्याने ‘शक्य तितका जास्तीत जास्त सहभाग’ असे शब्द वापरले, पण त्यांची व्याख्या केली नाही. त्यावरून नगरपालिका आणि वस्त्यांमधल्या संघटना यांच्यात जागोजागी खटके उडाले. १९६५ मध्ये पॉल डेव्हिडॉफ या नियोजनतज्ज्ञाने मांडले, की नियोजनकार तटस्थ नसतो. वकील पक्षकाराची बाजू मांडतो तशी त्याने ज्यांना आवाज नाही त्यांची बाजू मांडावी आणि एका शहरासाठी अनेक आराखडे समोर यावेत.

या सगळ्याचा निचोड शेरी अर्नस्टीन यांच्या १९६९ च्या लेखात सापडतो. गृहनिर्माण खात्यात सहभागाचे काम पाहिलेल्या या बाईंनी आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या दोन पायऱ्यांवर लोकांची दिशाभूल किंवा समजूत काढणे चालते. मधल्या तीनांवर माहिती देणे, मत विचारणे आणि एखाद-दुसरी जागा देऊन शांत करणे घडते. वरच्या तीनांवर भागीदारी, सोपवलेली सत्ता आणि नागरिकांचे नियंत्रण येते. सहभाग म्हणजे सत्तेची फेरवाटणी, आणि सत्ता हलली नाही तर तो पोकळ विधी ठरतो, हा त्यांचा मुद्दा. अर्धशतकानंतरही चौकाच्या सभेत कोणी उठून ‘आम्हाला फक्त सांगायला बोलावले आहे’ असे म्हणतो तेव्हा, माहीत असो वा नसो, तो याच शिडीवरून बोलत असतो. १९७४ मध्ये जुनी पुनर्विकास योजना संपून तिच्या जागी शहरांना एकगठ्ठा अनुदान आले. त्यातही जाहीर सुनावण्यांची तरतूद होती.

पोर्टलँडच्या विटा

सहभागाचे यशस्वी उदाहरण म्हणून सर्वांत जास्त वेळा ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलँडच्या पायोनियर कोर्टहाउस स्क्वेअरचे नाव घेतले जाते. हे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे, कारण ते ज्या कारणासाठी गाजले त्याहून वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाचे आहे.

जागा जेमतेम ४०,००० चौरस फूट, म्हणजे चार रस्त्यांमधला शहराचा एक चौकोनी तुकडा. तिथे आधी शाळा होती. १८९० मध्ये दिमाखदार पोर्टलँड हॉटेल उभे राहिले. १९५१ मध्ये ते पाडून शेजारच्या मायर अँड फ्रँक या मोठ्या दुकानाने दोन मजली वाहनतळ केला. १९६९ च्या सुमारास दुकानाने तिथे बहुमजली वाहनतळाची परवानगी मागितली. सुनावण्यांमध्ये विरोध झाला आणि १९७० मध्ये नियोजन आयोगाने परवानगी नाकारली. १९७२ च्या मध्यभाग आराखड्यात, ज्याच्या तयारीत नागरिकांची सल्लागार समिती सामील होती, या जागेवर सार्वजनिक चौक दाखवला गेला. १९७९ मध्ये शहराने जमीन विकत घेतली. १९८० मध्ये रचनेची खुली स्पर्धा झाली आणि १६२ प्रवेशिका आल्या. नामवंतांना मागे टाकून स्थानिक वास्तुरचनाकार विल मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची रचना निवडली गेली. सहकाऱ्यांमध्ये भूदृश्यरचनाकार, शिल्पकार, इतिहासकार आणि लेखक होते.

त्यानंतर गाडे अडले. मध्यभागातल्या व्यापाऱ्यांना उघडा चौक नको होता. तिथे भटकी माणसे ठाण मांडतील, गिऱ्हाईक बिचकेल, अशी त्यांची भीती होती. काचेने बंदिस्त, तिकीट लावता येईल असे काहीतरी व्हावे अशी मागणी पुढे आली. महापौर फ्रँक आयव्हन्सी यांचाही कल तिकडे होता. पैसा नाही या सबबीवर प्रकल्प जवळजवळ गुंडाळला गेला. तेव्हा चौकाच्या समर्थकांनी १५ डॉलरला एक अशा विटा विकायला काढल्या आणि प्रत्येक विटेवर देणाऱ्याने सांगितलेले नाव कोरायचे ठरले. सुमारे ५०,००० विटा खपल्या. ६ एप्रिल १९८४ रोजी चौक खुला झाला.

आज त्या पायऱ्यांवर बसलेल्या माणसाच्या पायाखाली नावेच नावे असतात: नवराबायकोची, मुलांची, मागे राहिलेल्यांनी लावलेली गेलेल्या माणसांची. पाडलेल्या हॉटेलचे लोखंडी दार एका कडेला तसेच उभे ठेवले आहे. दोन बाजूंनी उतरत्या पायऱ्यांचे प्रेक्षागार आहे, आणि पावसाच्या या शहराला शोभेल असा छत्री पुढे करून उभा असलेला ब्राँझचा माणूसही आहे. शहरवासी या जागेला शहराची बैठकीची खोली म्हणतात.

विटांची गोष्ट सुंदर आहे आणि ती सांगितली जावी. तिच्यामुळे प्रकल्प वाचला आणि हजारो कुटुंबांना तिथे आपला हक्क वाटू लागला. पण चौकाचे भवितव्य तो खुला होण्याआधी चौदा वर्षे ठरले होते, वाहनतळाला नकार मिळाला त्या सुनावणीत. तेव्हा प्रश्न फरशीचा किंवा कारंज्याचा नव्हता. ही जागा मोटारींना द्यायची की माणसांना, हा होता. पोर्टलँडमध्ये लोकांना तो प्रश्न खुला असताना बोलता आले. इतरत्र बहुतेक वेळा तो आधीच मिटवून लोकांसमोर दिव्याच्या खांबांचे तीन नमुने ठेवले जातात.

मतमतांतरे

सहभागाला हक्क मानणाऱ्यांची भूमिका अर्नस्टीन आणि डेव्हिडॉफ यांच्या परंपरेतली आहे. चौक सार्वजनिक पैशाने आणि सार्वजनिक जमिनीवर होतो. ज्यांच्या आयुष्यावर त्याचा परिणाम होणार त्यांना निर्णयात वाटा हवा, आणि रचना चांगली झाली की वाईट हा त्यानंतरचा प्रश्न. या मांडणीचे बळ तिच्या साधेपणात आहे. ‘परिणाम होणारे’ म्हणजे नेमके कोण, इथे मात्र ती अडखळते. मध्यवर्ती चौकाच्या आसपास राहणारे थोडे असतात. रोज बस बदलायला येणारे, कचेऱ्यांत सफाई करणारे, बाकावर झोपणारे हे खरे वापरणारे असतात, आणि संध्याकाळी सहाच्या सभेला ते क्वचितच दिसतात.

दुसरी भूमिका रचनाकारांची. समितीने काढलेल्या चित्रात प्रत्येकाच्या मागणीला एक कोपरा मिळतो आणि पूर्ण चौकाला चेहराच उरत नाही, ही त्यांची तक्रार अनुभवाची आहे. गरजा लोकांनी सांगाव्यात, आकार रचनाकाराने द्यावा अशी कामाची विभागणी ते सुचवतात. पोर्टलँडची स्पर्धा याच वाटेने गेली होती.

तिसरी भूमिका विल्यम व्हाइट यांच्या निरीक्षणांवर उभी आहे आणि ती या सगळ्या चर्चेतली सर्वांत उपयोगी आहे. न्यूयॉर्कच्या १९६१ च्या नियमांनुसार इमारतीपुढे मोकळी जागा सोडणाऱ्या विकासकाला जादा बांधकाम मिळे. दाट भागात एका चौरस फुटाला दहा चौरस फूट. अशा बऱ्याच जागा रिकाम्या का आणि थोड्याच गजबजलेल्या का, हे पाहण्यासाठी व्हाइट आणि त्यांचे सहकारी १९७० च्या दशकात कॅमेरे लावून बसले. लोक सांगतात की त्यांना गर्दीपासून दूर जागा हवी, पण बसतात ते वर्दळीच्या ऐन मध्यावर. सुटी खुर्ची मिळाली की माणूस बसण्याआधी ती वीतभर सरकवतो, गरज नसली तरी. चौक चालतो की नाही हे सर्वांत जास्त एकाच गोष्टीवर अवलंबून असते, बसायला जागा किती. या निष्कर्षांवरून १९७५ मध्ये शहराने नियम बदलले. १९८० मध्ये त्यांचे पुस्तक आले. प्रश्नावलीपेक्षा निरीक्षण जास्त खरे बोलते, हा या विचाराचा गाभा. त्यावरचा आक्षेपही रास्त आहे: जे आज तिथे येतात तेच कॅमेऱ्याला दिसतात. भीतीने किंवा अपमानाने जे येणे सोडून देतात ते कोणत्याच चित्रफितीत सापडत नाहीत.

चौथी भूमिका आसपासच्या मालमत्ताधारकांची आणि त्यांच्या संस्थांची. झाडलोट, सुरक्षा, कार्यक्रम यांचा खर्च रोजचा असतो. नगरपालिका तो करत नाही, आम्ही करतो, म्हणून आमचा शब्द जास्त. न्यूयॉर्कचे ब्रायंट पार्क अशाच संस्थेच्या हाती गेले आणि १९९२ मध्ये नव्या रूपात पूर्ण खुले झाले. अमली पदार्थांच्या बाजारासाठी कुप्रसिद्ध झालेली जागा दुपारच्या जेवणाच्या गर्दीने भरून गेली. त्याच यशाकडे शॅरन झुकिन यांच्यासारखे अभ्यासक शंकेने पाहतात. कॉफी पिणाऱ्यांचे स्वागत होते तेव्हा न पिणाऱ्यांचे काय होते, हा त्यांचा प्रश्न आहे.

अलीकडे आणखी एक प्रवाह जोर धरत आहे, आणि तो सहभागाच्या समर्थकांमधूनच निघाला आहे. ज्युडिथ इनीस आणि डेव्हिड बूहर यांनी २००४ मध्ये मांडले, की कायद्याने ठरवलेल्या जाहीर सुनावण्या लोकांचे खरे मत अधिकाऱ्यांपर्यंत पोचवत नाहीत आणि निर्णयही सुधारत नाहीत. उलट दोन्ही बाजूंना एकमेकांविरुद्ध उभे करतात. बोस्टन विद्यापीठाच्या तीन अभ्यासकांनी मॅसॅच्युसेट्समधल्या ९७ गावा-शहरांच्या सभांची इतिवृत्ते चाळली. बोलणारे बाकीच्या रहिवाशांपेक्षा वयाने मोठे, जास्त प्रमाणात पुरुष आणि घरमालक होते, असे त्यांना आढळले. तो अभ्यास घरबांधणीच्या प्रस्तावांचा होता, चौकांचा नव्हता, ही मर्यादा लक्षात ठेवावी लागते. पण सभागृह तेच, वेळ तीच, तीन मिनिटांची मुदत तीच. सुझन फाइनस्टाइन यांनी न्याय्य शहरावरच्या २०१० च्या पुस्तकात त्याही पुढे जाऊन सांगितले, की लोकशाही प्रक्रिया आणि न्याय्य फळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुसंख्य मिळून दुबळ्याला हुसकावू शकतात.

विचारण्याच्या रीती

जाहीर सुनावणी ही सर्वांत जुनी रीत. तिच्या उणिवा दिसू लागल्यावर कार्यशाळा आल्या. भूदृश्यरचनाकार लॉरेन्स हॅलप्रिन यांनी १९६० च्या दशकापासून नागरिकांना आधी शहरातून चालायला लावून मग बोलते करण्याच्या पद्धती घडवल्या. नकाशासमोर बसून तक्रार करणे आणि जागेवर उभे राहून पाहणे यांत किती फरक पडतो हे त्यांनी ओळखले होते.

मतदान हा सर्वांत थेट मार्ग, पण तो प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर आणून ठेवतो. सिअ‍ॅटलमध्ये १९७१ साली मतदारांनी पाइक प्लेस मार्केट हा जुना बाजार पुनर्विकासातून वाचवला आणि शहर त्याबद्दल आजही कृतज्ञ आहे. त्याच शहराने मध्यभागाच्या उत्तरेला मोठ्या उद्यानासाठी मागितलेला कर १९९५ मध्ये आणि पुन्हा १९९६ मध्ये नाकारला. त्या भागात नंतर कचेऱ्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. दोन्ही कौल लोकांचेच. पहिल्याला शहाणपण आणि दुसऱ्याला चूक म्हणायचे असेल, तर मोजपट्टी कौलाबाहेरून आणावी लागते.

चौथी रीत म्हणजे करून पाहणे. मे २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या वाहतूक विभागाने टाइम्स स्क्वेअरमधला ब्रॉडवे मोटारींना बंद केला आणि डांबरावर स्वस्तातल्या घडीच्या खुर्च्या मांडल्या. कोणतेही कायमचे बांधकाम केले नाही. काही महिने मोजमाप झाले. पादचाऱ्यांच्या दुखापती ३५ टक्क्यांनी घटल्या आणि फेब्रुवारी २०१० मध्ये निर्णय कायम झाला. कागदावरच्या चित्राला हरकत घेणारा माणूस खुर्चीत बसून पाहिल्यावर मत बदलू शकतो, हे या रीतीचे सामर्थ्य आहे. प्रयोग मांडला की तो बहुधा उठत नाही, म्हणजे विचारणे नावापुरते उरते, हा तिच्यावरचा आक्षेपही दुर्लक्षून चालणार नाही. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याच्या एका भागावर वाहने बंद ठेवून पादचारी दिन पाळला गेला, तो याच जातीचा प्रयोग. एक दिवसाचा असल्याने त्यातून सवय बदलत नाही. पण रस्त्याच्या मधोमध मुले खेळताना पाहिलेल्या माणसाच्या मनात एक चित्र कायमचे राहते.

उद्घाटनानंतर

सहभागाच्या चर्चेतला सर्वांत दुर्लक्षित भाग फीत कापल्यानंतर सुरू होतो. क्लीव्हलँडच्या चौकाचे सुमारे ५ कोटी डॉलर खर्चाचे नूतनीकरण जून २०१६ मध्ये पूर्ण झाले. जेम्स कॉर्नर यांच्या संस्थेने चार तुकडे जोडून दोन केले. मधून जाणारा सुपीरिअर अ‍ॅव्हेन्यू फक्त बससाठी ठेवायचा असे आराखड्यात होते. चौक खुला झाल्यावर महापौरांनी सुरक्षेच्या कारणावरून बसही आत येऊ दिल्या नाहीत. बसने येणाऱ्यांना वळसा पडला. केंद्राच्या परिवहन खात्याने बसमार्गासाठी दिलेल्या अनुदानातले सुमारे १ कोटी २० लाख डॉलर परत मागण्याचा इशारा दिला, तेव्हा मार्च २०१७ मध्ये बस पुन्हा धावू लागल्या. त्यांच्याबरोबर काँक्रीटचे ओबडधोबड अडथळे आले आणि ते कित्येक वर्षे तिथेच राहिले. १८५७ चे कुंपण वेगळ्या रूपात परतले. आराखडा करताना झालेल्या सगळ्या चर्चांनी या एका प्रशासकीय निर्णयापुढे काहीही संरक्षण दिले नाही.

डेट्रॉइटचा कॅम्पस मार्शियस हा चौक नोव्हेंबर २००४ मध्ये नव्याने खुला झाला. सुट्या खुर्च्या, हिवाळ्यात बर्फावर घसरण्याची जागा आणि उन्हाळ्यात वाळूचा किनारा यांमुळे उजाड मध्यभागात पुन्हा माणसे दिसू लागली. चौक शहराचा, व्यवस्थापन खासगी विश्वस्त संस्थेकडे. तिथे पत्रके वाटणाऱ्या कार्यकर्त्यांना सुरक्षारक्षकांनी अडवले आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. न्यूयॉर्कमध्ये २०११ च्या ‘ऑक्युपाय’ आंदोलनाने झुकोटी पार्क ही जागा निवडली. खासगी मालकीची असूनही करारामुळे ती चोवीस तास खुली ठेवणे बंधनकारक होते. त्याआधी, २००० साली, जेरल्ड केडन यांनी नगर नियोजन विभागासह केलेल्या पाहणीत न्यूयॉर्कमध्ये अशा ५०३ जागा मोजल्या आणि त्यांतल्या ४१ टक्के जवळजवळ निरुपयोगी ठरवल्या. चौक दिसतो कसा याहून त्याच्यावर नियम कोण लावतो हे कमी महत्त्वाचे नाही. तरीही सुनावण्यांमध्ये नियमांचा मसुदा लोकांसमोर क्वचितच ठेवला जातो.

महाराष्ट्रातली तरतूद

मराठी वाचकाला हा सगळा विषय ‘हरकती व सूचना’ या दोन शब्दांतून परिचित आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागवाव्या लागतात. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ यांची नियोजन समिती त्यांवर सुनावणी घेते. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्याचा पहिला मसुदा २०१५ मध्ये हजारो हरकती आल्यावर नव्याने करण्याचा आदेश द्यावा लागला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला. तेव्हा हा विधी नेहमीच पोकळ असतो असे म्हणता येत नाही.

अडचण वेगळीच आहे. ही तरतूद आरक्षणाला लागू होते, जागेच्या रूपाला नाही. भूखंड मैदान म्हणून राखीव राहतो का, यावर हरकत घेता येते. त्याच जागेचे ‘सुशोभीकरण’ करताना कठडा किती उंच, बाक किती, फेरीवाले कुठे, दार किती वाजता बंद, हे निविदेच्या कागदांत ठरते आणि तिथे लोकांना विचारण्याची अशी सक्ती नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू केली. या दोन्ही वाटा वस्तीतल्या लहान कामांपर्यंत पोचतात. साऱ्या शहराच्या मालकीच्या मध्यवर्ती जागेचा प्रश्न कोणत्याही एका प्रभागाच्या हद्दीत मावत नाही.

न सुटलेले

प्रतिनिधित्वाचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. चिठ्ठ्या टाकून नागरिक निवडणे, बसथांब्यावर जाऊन विचारणे, सभेला येणाऱ्यांच्या मुलांची सोय करणे आणि बुडालेली मजुरी भरून देणे, असे उपाय सुचवले आणि काही ठिकाणी वापरले गेले आहेत. त्यांनी सभागृहातली माणसे बदलतात. निर्णय बदलतो का, याचा पुरावा अजून तुटपुंजा आहे. बेघर माणसाच्या बाबतीत तर त्याला वापरकर्ता मानायचे की समस्या, इथपासूनच मतभेद आहेत. पोर्टलँडच्या व्यापाऱ्यांनी १९८१ मध्ये बोलून दाखवलेली भीती आज जवळजवळ प्रत्येक चौकाच्या सभेत त्याच शब्दांत ऐकू येते.

यश कशाने मोजायचे हेही ठरलेले नाही. पाऊलसंख्या, आसपासच्या जमिनीचे भाव, गुन्ह्यांचे आकडे सहज मोजता येतात आणि म्हणून अहवालात तेच येतात. जमिनीचे भाव वाढणे हे मालकाला यश वाटते. त्याच कारणाने भाडेकरू दुकानदाराला गाशा गुंडाळावा लागतो. एकाच आकड्याचे हे दोन अर्थ कोणत्याही प्रश्नावलीत मिटत नाहीत.

लोकांचा शब्द किती काळ चालावा, हाही प्रश्न आहेच. चौक शंभर वर्षांसाठी होतो आणि मत विचारले जाते सहा महिन्यांत. पोर्टलँडच्या विटांखाली कचेऱ्या आणि खोल्या आहेत. तीस वर्षांत वरून पाणी झिरपू लागले आणि विटा उचलून खालचा जलरोधक थर बदलण्याची वेळ आली. नोव्हेंबर २०१४ मध्ये शहरातल्या उद्यानांच्या दुरुस्तीसाठी ६ कोटी ८० लाख डॉलरचे रोखे मतदारांपुढे आले आणि ते मंजूर झाले. त्या कामांच्या यादीत हा चौकही होता. मतदारांमध्ये असे पुष्कळ होते, जे वाहनतळाच्या सुनावणीच्या वेळी जन्मलेलेही नव्हते.